वहिनीला कुणी विचारलंच नव्हतं

बऱ्याच वीकांतांनी लिहायला बसलोय. मागचे दोन शनिवार रिलीजने खाल्ले, त्यामुळे नियमित येणाऱ्या मंडळींची आधीच माफी मागून ठेवतो. आणि आजचा विषय नेहमीसारखा ट्रेक किंवा मिसळीचा नाही हेही सांगून ठेवतो.

झालं असं की परवा कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "अगं, माझा मॅनेजर ना, फुल बायपोलर आहे. सकाळी गोड बोलतो आणि दुपारी मेलवर फाडून खातो." सगळे हसले. सवयीने मीही हसलो. मग जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की आपण हसलो, आणि मग डबा काही जाईना.

आता तिला काय सांगणार? की बाई गं, सकाळी एक आणि दुपारी एक, याला बायपोलर म्हणत नाहीत, याला मॅनेजर म्हणतात :-) बायपोलरमध्ये मोजमाप तासांचं नसतं. मॅनिया म्हणायचा तर ती अवस्था निदान आठवडाभर, दिवसाचा बहुतेक वेळ टिकावी लागते (दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर मुदतीची अट नाही). त्याचंच सौम्य रूप म्हणजे हायपोमॅनिया, तो निदान चार दिवस. नुसता आनंद किंवा चिडचिड पुरत नाही, अंगात ताकद आणि हालचालही वाढलेली दिसावी लागते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत २०१३ साली ही अट मुद्दाम घातली गेली. शिवाय झोपेची गरज कमी होणं, बोलणं न थांबणं, डोक्यात विचारांची गर्दी, स्वतःबद्दल अचाट कल्पना, बेफाम खर्च अशी आणखी लक्षणं. आणि दुसऱ्या टोकाला आठवडेच्या आठवडे, कधी महिनेच्या महिने नैराश्य.

हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या दादाला बायपोलर आहे.

दादाला विचारूनच लिहितोय. मसुदा त्याला वाचून दाखवला. एक परिच्छेद त्याने उडवायला लावला (तो बुलेटबद्दल होता, आणि खरं सांगतो, भारी होता), बाकी "लिही" म्हणाला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेतीपंपांचं दुकान चालवतो. २०२१च्या दिवाळीनंतर तो हळूहळू बसत गेला. आधी दुकान उशिरा उघडायला लागला, मग उघडेनासा झाला. अंघोळ दोन-दोन दिवस नाही. आई म्हणायची दृष्ट लागली, बाबा म्हणायचे आळस चढलाय. जानेवारीत मी सुट्टी काढून गेलो आणि त्याला जवळच्या शहरात एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाहेर पन्नासेक माणसं. आत सहा-सात मिनिटं. झोप कशी, भूक कशी, मरणाचे विचार येतात का, घरात कुणाला असं होतं का. शेवटी एक प्रश्न, "पूर्वी कधी याच्या उलट झालं होतं का? खूप उत्साह, कमी झोप असं काही?" दादा म्हणाला नाही. बाबा म्हणाले नाही. मीही मान हलवली. डॉक्टरांनी नैराश्याची गोळी लिहून दिली आणि आम्ही समाधानाने वडापाव खाऊन घरी आलो. चला, निदान झालं!

विसाव्या की एकविसाव्या दिवशी पहाटे तीन वाजता दादाचा फोन. गुळाची एक्स्पोर्ट कंपनी काढायची, दुबईला पहिला कंटेनर मार्चमध्ये, वेबसाईट तू करायची, आत्ता बस. मी झोपेतच "हो हो" केलं. माझ्या मनात तेव्हा काय आलं माहितीये? गोळी लागू पडली! इतका आनंद झाला की मी तो फोन आईलाही सांगितला. पुढच्या दहा दिवसांत त्याने दोन पतपेढ्यांचं कर्ज काढलं, रात्री टाकी घासायला घेतली, वडिलांच्या मित्राच्या अंगावर धावून गेला, आणि शेवटी चौघांनी धरून त्याला गाडीत घालावं लागलं. ते सविस्तर लिहीत नाही.

दुसऱ्या दवाखान्यात ज्या डॉक्टर भेटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात याच्याबरोबर रोज कोण असतं?" आम्ही सगळे आपापली तोंडं पुढे करून बसलेलो. वहिनी दाराशी उभी होती, पुतण्याला कडेवर घेऊन. डॉक्टरांनी तिला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि आम्हाला बाहेर पाठवलं. पाऊण तास.

वहिनीला सगळं ठाऊक होतं. तारखा नव्हत्या, पण सण होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या गणपतीत, म्हणजे २०१७ला, हे दहा दिवस जेमतेम तीन-तीन तास झोपले आणि मंडळाचा सगळा कारभार एकट्याने ओढला. वर्गणी कमी पडली तेव्हा दुकानातले पैसे घातले. मग त्या थंडीत दोन महिने कुणाशी बोलले नाहीत. २०१९च्या उन्हाळ्यात, चुलत नणंदेच्या लग्नात, पुन्हा तसंच. बोलणं इतकं भराभर की पाहुणे म्हणाले नवरदेवापेक्षा हाच नाचतोय. नंतर पुन्हा पावसाळाभर अंथरूण. सगळा लॉग तिच्याकडे होता, क्रमाने, आणि पाच वर्षांत तिला एकाही माणसाने विचारलं नव्हतं. आम्ही तर २०१७च्या त्या गणपतीचं कौतुक करायचो. "पोरगा कर्तबगार निघाला" हे वाक्य बाबांचंच.

आमच्या धंद्यात एक प्रकार असतो. टेस्टर बग टाकतो, डेव्हलपर बघतो, त्याच्या मशीनवर तसं होत नाही, तो "रिप्रोड्यूस होत नाही" असं लिहून बग बंद करतो. मधूनच येणारा बग समोर बसून कधीच सापडत नाही, त्याला मागचे लॉग लागतात. बायपोलरचं अगदी हेच आहे. डॉक्टरांसमोर माणूस येतो तो पडलेला असताना येतो. चढलेला असताना कशाला येईल? त्याला तर आयुष्यात पहिल्यांदाच सगळं जमतंय असं वाटत असतं. शिवाय या आजाराचा बराचसा काळ मुळी नैराश्याचाच असतो. अमेरिकेत १४६ पेशंटना सरासरी तेरा वर्षांच्या आसपास आठवड्या-आठवड्याने तपासत गेलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ अर्धे आठवडे लक्षणांचे निघाले. नैराश्याचे सुमारे ३२ टक्के, मॅनिया-हायपोमॅनियाचे फक्त ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कुठल्याही एका दिवशी ओपीडीत बसून बघितलं तर हा आजार साधं नैराश्य म्हणूनच दिसणार. तिथल्याच पेशंटच्या २००० सालच्या पाहणीत ६९ टक्के लोकांना आधी चुकीचं निदान मिळालेलं होतं, बहुतेकांना नैराश्याचं, आणि एक तृतीयांशांहून जास्त लोकांना बरोबर निदानासाठी दहा वर्षं किंवा त्याहून जास्त थांबावं लागलं होतं. त्या मानाने आमची पाच वर्षं म्हणजे लवकरच म्हणायची!

आणि चुकीच्या निदानाचा तोटा नुसता वेळेचा नाही. बायपोलर असलेल्याला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या जोडीशिवाय नुसती नैराश्याची गोळी दिली तर काही जण थेट दुसऱ्या टोकाला जातात. आमच्याकडे तेच झालं असावं.

पहिल्या डॉक्टरांवर माझा राग होता. खूप होता. आता तितका नाही. त्यांनी प्रश्न विचारला होता, खोटं उत्तर आम्ही दिलं. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, त्यात बाहेर पन्नास माणसं बसलेली, तिथे सहा मिनिटांत दुसरं काय होणार? पण माझं एक म्हणणं आहे आणि ते मी सोडणार नाही. नैराश्याची पहिली गोळी लिहिण्याआधी "उलट झालं होतं का" हा प्रश्न पेशंटसोडून आणखी एका माणसाला, शक्यतो वेगळं बसवून, विचारला गेला पाहिजे. त्या माणसाने खुर्चीवर बसलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे पेशंटबरोबर जाणारा बोलतो कोण, तर घरातला सर्वात मोठा पुरुष किंवा पुण्या-मुंबईहून आलेला शिकलेला मुलगा (म्हणजे मी, वर्षातून तीनदा गावी जाणारा). ज्या बाईने रात्री तीन वाजता त्याला अंगणात फेऱ्या मारताना पाहिलंय ती दाराशी उभी.

आणि प्रश्नही जरा आपल्या भाषेत हवा हो. "खूप उत्साह होता का" याला कोण हो म्हणेल? उत्साह ही आपल्याकडे चांगली गोष्ट आहे. "कमी झोपूनही थकवा आला नाही असे काही दिवस होते का? त्या दिवसांत पैसे कुठे गेले? कुणाशी भांडण झालं?" असं विचारलं असतं तर बाबांनासुद्धा काहीतरी आठवलं असतं. तेरा प्रश्नांची एक प्रश्नावली २००० सालापासून उपलब्ध आहे, त्यात झोप, खर्च, बडबड असलंच सगळं असतं. तेवढ्यावर निदान होत नाही, पण कुठे खोदायचं ते कळतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी थायरॉईड बघितलं, औषधं-स्टेरॉईड-नशापाणी विचारलं, कारण यांनीही असं होऊ शकतं. बाबांना एमआरआय हवा होता. इतके पैसे घालवायची तयारी आहे म्हटल्यावर मशीन काहीतरी दाखवेलच अशी त्यांची श्रद्धा. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हा आजार अजून कुठल्याच स्कॅनमध्ये किंवा रक्तात दिसत नाही, तो हकिकतीत दिसतो. केसपेपरवर लिहिलं "बीपीएडी". मी घरी येऊन जालावर शोधलं तर त्याचा कोड एफ३१. एरर कोड मिळाला की आपल्याला जरा बरं वाटतं ना, तसं काहीसं झालं.

'देवराई' (२००४) पाहून स्किझोफ्रेनिया निदान शब्द म्हणून तरी घराघरात गेला, 'कासव'मुळे नैराश्यावर लोक बोलले. बायपोलर मात्र आपल्याकडे कँटीनमधल्या शिवीसारखाच आला. यात आपल्या आयटीवाल्यांचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. चार तास झोपून आठवडाभर कोड पाडणारा माणूस आपल्याकडे 'रॉकस्टार' असतो. त्याला टाऊनहॉलमध्ये स्टेजवर बोलावतात. आता त्यातला एखादा खरंच हायपोमॅनियात असेल तर त्याच्या बायकोला सोडून कुणाला कळणार? आणि तीन महिन्यांनी तोच माणूस लॉगिन करेनासा झाला की पीआयपी. अमेरिकेच्या वेळेवर रात्रपाळी करायची, मग वीकांताला दिवसा जागायचं, हे झोपेचं वेळापत्रक उधळणं ज्याला हा आजार आहे त्याच्यासाठी पेट्रोल आहे. झोप उडणं हे लक्षण तर आहेच, पण ते कारणही होऊ शकतं. म्हणूनच पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी उठणं-जेवणं-झोपणं रोज ठरल्या वेळी करण्यावर आधारलेली एक उपचारपद्धतीच उभी केली. आमच्या डॉक्टरांनी तिचं नाव घेतलं नाही, पण दादाला सांगितलं, "साडेदहाला दिवा बंद. लग्न असो नाहीतर जागरण-गोंधळ." गावात हे पाळणं किती अवघड आहे ते विचारू नका. गेल्या वर्षी सख्ख्या मामाच्या मुलाच्या हळदीतून तो सव्वादहाला उठून आला, अजून टोमणे चालू आहेत.

आता लिथियम. मोबाईलच्या बॅटरीत असतं तेच मूलद्रव्य, गोळीत ते लिथियम कार्बोनेट म्हणून असतं. १९४९ साली जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने आधी गिनीपिगांना आणि मग मॅनियाच्या दहा पेशंटना लिथियमचे क्षार देऊन पाहिले. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी खायला म्हणून विकलेल्या लिथियम क्लोराईडने माणसं दगावली, आणि औषधाचं नाव खराब झालं. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी ते नेटाने लावून धरलं, तरी अमेरिकेत मान्यता मिळायला १९७० उजाडलं. त्याचं पेटंट घेण्यासारखं काही नाही, त्यामुळे जाहिरात करायला कुणी उत्सुक नाही. काही रुपयांची गोळी. पण आत्महत्येचा धोका कमी होतो असा सर्वात भक्कम पुरावा ज्या औषधांबद्दल आहे त्यात लिथियम पहिलं घ्यावं लागतं.

मग ते सगळे का देत नाहीत? कारण त्याला रक्ततपासणी लागते. औषधाची पातळी साधारण ०.६ ते ०.८ ठेवायची, कधी १.०पर्यंत, आणि १.५च्या पुढे गेलं की विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात. फरक इतका थोडा. शिवाय दर सहा महिन्यांनी किडनी, थायरॉईड, कॅल्शियम. डॉक्टर हे सगळं सांगतात, पण चिठ्ठीवर जे लिहिलेलं नसतं ते आपल्या घरांमध्ये घडतं.

२०२३ची आषाढी. दादाला दोन दिवस जुलाब होत होते. त्यात एकादशी निर्जळी. त्यात गुडघा दुखतोय म्हणून मेडिकलवाल्याकडून डायक्लोफिनॅकची पाकिटं. तिन्ही गोष्टींनी लिथियम शरीरात साठतं: पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी ते धरून ठेवते, आणि या जातीच्या वेदनाशामकांनी ते बाहेर पडणं आणखी मंदावतं. द्वादशीला सकाळी चहाची कपबशी त्याच्या हातात खडखड वाजायला लागली, चालताना तोल जायला लागला, शब्द जड झाले. आई म्हणाली उपासाचा अशक्तपणा. वहिनी म्हणाली गाडी काढा. पातळी १.७ आली. सलाईनवर दोन दिवस, मग ठीक. आता आमच्या फ्रिजवर वहिनीच्या अक्षरात कागद आहे: जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. अंगदुखीला पॅरासिटामॉल, दुसरं काही नाही. मीठ एकदम बंद करायचं नाही. निर्जळी नाही. ब्लडप्रेशरची नवीन गोळी कुणी दिली तर आधी विचारायचं. (बीपीच्या काही गोळ्यांनीही पातळी वाढते.) माझ्या मते हा कागद प्रत्येक लिथियमच्या चिठ्ठीबरोबर मराठीत छापून मिळायला हवा. फार खर्च नाही हो त्याला.

लिथियम सगळ्यांना चालतंच असंही नाही. व्हॅल्प्रोएट आहे, ते सर्रास दिलं जातं, पण मूल होण्याच्या वयातल्या मुलींना ते देताना शंभरदा विचार करायला हवा. गर्भातल्या बाळाला व्यंगाचा धोका दहातल्या एकाच्या आसपास आहे आणि मेंदूच्या वाढीवरचा परिणाम त्याहून जास्त मुलांमध्ये दिसतो. ब्रिटनने २०१८ सालापासून त्यावर कडक बंधनं घातली. लॅमोट्रिजिन आहे, ते अगदी हळूहळू वाढवावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. ओलँझापिन-क्वेटियापिनने वजन आणि साखर वाढते. माझ्या वाचकांत कुणी घेत असेल तर यावरून स्वतः काही बदलू नका. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. आणि रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर २०२२पासून चालू आहे.

सगळ्यात अवघड भाग वेगळाच निघाला. दोन वर्षं काही झालं नाही की घरात हळूच सुरू होतं, "आता बरा आहेस की, किती दिवस खाणार ते केमिकल?" गेल्या दिवाळीत हे काकांनी काढलं, भावोजींनी री ओढली, आणि दादाही म्हणाला, "खरंय, सोडून बघू." मी चिडलो, लेक्चर दिलं, गोळी एकदम सोडली की झटका परत यायची शक्यता किती वाढते वगैरे. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला नाही कळणार. ते दहा दिवस मी आयुष्यात सगळ्यात हुशार होतो. आता मी बरा आहे, पण बरा म्हणजे नुसता बरा."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. सोडणं चूक आहे यावर मी ठाम आहे, पण तो काहीतरी गमावून गोळी घेतोय हे कबूल न करता त्याला नुसतं दटावणं हेही मला आता जमत नाही. डॉक्टरांपुढे त्याने हेच बोलावं असं ठरलं. बोलला. त्यांनी पातळी बघून डोस थोडा खाली आणला. हाताची थरथर कमी झाली आणि तो पुन्हा पेटी वाजवायला लागला, भजनात, साडेदहापर्यंत.

आणि एक, माझं स्वतःचं. सख्ख्या भावंडाला बायपोलर असेल तर आपल्यालाही व्हायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. आकडा सांगायचा तर पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास. मागच्या रिलीजला मी सलग तीन रात्री जागलो आणि चौथ्या दिवशी मला मस्त वाटत होतं. डोकं सुसाट. लीडने ग्रुपवर फटाक्यांची इमोजी टाकली. पूर्वी मी खूष झालो असतो. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन आरशात बघत उभा राहिलो, मी भराभर बोलतोय का हे तपासत. मग वहिनीला फोन लावला आणि उगाच दहा मिनिटं बोलत बसलो. तिने ओळखलं. म्हणाली, "भाऊजी, बोलणं नेहमीचंच आहे तुमचं. झोपा आता."

असो. बरंच लांबलं. आज रात्री दादाला मेसेज टाकायचाय, उद्या त्याच्या लिथियमची तपासणी आहे. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावं लागतं, म्हणजे रात्री नऊची गोळी आणि सकाळी नऊला लॅब. सकाळची गोळी रक्त दिल्यावर. गेल्या वेळी तो आधीच घेऊन गेला होता आणि आकडा बघून आमची दोघांचीही पाचावर धारण बसली होती.